दुवा तुटला हे यंत्रास कसे कळते?

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुराच्या कथा हैदराबादच्या जुन्या घराण्यांतून अद्यापि सांगितल्या जातात. त्या पुरात हजारो माणसे प्राणास मुकली, वस्त्याच्या वस्त्या वाहून गेल्या, आणि शहराचे दोन भाग जोडणारे अफझल, मुसल्लमजंग व चादरघाट हे तिन्ही पूल मोडले. येण्याजाण्यास उरला तो एकटा पुराणा पूल. कुतुबशाहीत, १५७८ साली बांधलेला. पुढच्याच वर्षी सुप्रसिद्ध स्थापत्यविशारद विश्वेश्वरय्या ह्यांना शहराच्या संरक्षणाची योजना आखण्यासाठी पाचारण करण्यात आले, हा इतिहास आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहेच.

त्या प्रसंगी एक गोष्ट मात्र कोणी कोणास सांगावी लागली नाही: पूल मोडला आहे ही. काठावर आलेला मनुष्य समोर पाही, पूल नाही हे त्यास दिसे, आणि तो आपली गाडी पुराण्या पुलाकडे वळवी. आज ह्याच शहरातून असे असंख्य पूल निघतात की जे डोळ्यांस मुळीच दिसत नाहीत. काचीगुड्याच्या एखाद्या बँकशाखेत गिऱ्हाइकाने दुसऱ्या गावी पैसे पाठविण्याचा अर्ज दिला, तर त्यातील मजकूर संकेतरूपाने शेकडो मैल दूरच्या संगणकापर्यंत जातो व निमिषमात्रात उत्तर घेऊन परत येतो. हा प्रवास कधी तांब्याच्या तारेवरून, कधी केसासारख्या बारीक काचतंतूतून, तर कधी उपग्रहावरून होतो. हा पूल तुटला तर काठावर उभा राहून तो पाहणारा कोणी नसतो. पूल तुटल्याचे यंत्रासच ओळखावे लागते व दुसरी वाटही त्यासच धरावी लागते. यंत्र हे कसे ओळखते, आणि हे काम त्यास कसे नेमून द्यावयाचे, ह्याचे दिग्दर्शन प्रस्तुत लेखात करावे असा आमचा विचार आहे.

प्रथम दोन संज्ञा समजून घेऊ. एका इमारतीतील संगणक एकमेकांस जोडले म्हणजे त्यांचे एक लहानसे जाळे होते. गावोगावची अशी जाळी एकमेकांस जोडून जे विस्तृत जाळे तयार होते त्यास वाइड एरिया नेटवर्क असे म्हणतात. अशा प्रत्येक जाळ्याच्या वेशीवर एक यंत्र बसविलेले असते. त्याचे नाव राउटर. टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करणारा कारकून जे काम करतो तेच हे यंत्र करते. आलेल्या संदेशाचा पत्ता वाचावयाचा, आपल्याजवळच्या कोष्टकात त्या पत्त्याची वाट पाहावयाची, आणि संदेश त्या वाटेला लावावयाचा. कारकुनाच्या हातून तासाभरात काही शेकडो पत्रे जात असतील. राउटर एका सेकंदात सहस्रावधी संदेश हातावेगळे करतो. परंतु दोघांचीही भिस्त कोष्टकावरच असते. कोष्टकातील वाट बंद झाली असून ते जर बदलले नाही, तर पत्रे बंद वाटेलाच जात राहणार.

ह्या विषयाशी आमच्या शहराचा संबंध निकटचा आहे. बँकांच्या कारभारास उपयुक्त अशा तंत्रविद्येच्या अभ्यासासाठी रिझर्व्ह बँकेने १९९६ साली स्थापन केलेली आयडीआरबीटी ही संस्था हैदराबादेस मासाब टँक भागात आहे. तिच्या विद्यमाने १९९९ च्या जून महिन्यात इन्फिनेट नावाचे, केवळ बँका व वित्तसंस्था ह्यांच्याच उपयोगाचे जाळे सुरू झाले. आरंभी त्याची सारी भिस्त उपग्रहावर होती. गावोगावच्या कचेऱ्यांच्या गच्चीवर लहान तबकडीसारखे अँटेना आणि त्या सर्वांचे मध्यवर्ती ठाणे हैदराबादेस, अशी त्याची रचना असे. जमिनीवरील दुवे पुढे त्यास जोडले गेले. निरनिराळ्या बँकांची एटीएम यंत्रे एकमेकांस जोडणारा नॅशनल फायनान्शियल स्विच ह्याच संस्थेने २७ ऑगस्ट २००४ रोजी सुरू केला; १४ डिसेंबर २००९ रोजी त्याचा कारभार नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे गेला. पुढे २०१६ साली इन्फिनेटची व्यवस्थाही इफ्टास ह्या स्वतंत्र संस्थेकडे सोपविण्यात आली.

हे काम किती जोखमीचे आहे पाहा. मोठ्या रकमा तत्काळ पोहोचविणारी आरटीजीएस ही व्यवस्था २६ मार्च २००४ रोजी सुरू झाली तेव्हा ती कामकाजाच्या वेळेपुरतीच चालत असे. १६ डिसेंबर २०१९ पासून नेफ्ट, आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस, अशा दोन्ही व्यवस्था अहोरात्र व बारमाही चालू लागल्या. म्हणजे रात्री अडीच वाजता, जेव्हा बहुतेक कारागीर झोपलेले असतात, तेव्हाही दुव्यावरून कोणाचे तरी पैसे जात असतात. दुवा नेमका व्यवहाराच्या मध्यावर तुटला, तर खात्यातून रक्कम वजा झाली पण यंत्रातून नोटा आल्या नाहीत, असा प्रसंग ओढवू शकतो. अशा वेळी व्यवहाराच्या दिवसानंतर जास्तीत जास्त ५ दिवसांत रक्कम आपोआप परत जमा झाली पाहिजे, न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई द्यावी, असा नियम रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने घालून दिला आहे. परंतु ज्या गृहस्थास रात्री रुग्णालयात पैसे भरावयाचे आहेत त्यास पाच दिवसांचा वायदा काय कामाचा? त्याची गरज त्या क्षणाची असते.

आता दुवा तुटतो म्हणजे काय होते, हे पाहू. सर्वांत सोपा प्रकार असा की, रस्ता खणताना कुदळीचा किंवा यंत्राचा घाव बसतो व काचतंतू तुटतो. राउटरकडे येणारा प्रकाश थांबतो, आणि तंतू जर थेट राउटरलाच जोडलेला असेल, तर बिघाड त्यास तत्काळ कळतो. परंतु पुष्कळदा शाखेतील राउटर आणि दूरचा राउटर ह्यांच्यामध्ये दुवा पुरविणाऱ्या कंपनीची दोन-चार यंत्रे असतात. आपला राउटर आणि त्याच खोलीतील कंपनीची पेटी ह्यांमधली दोन हात लांबीची तार शाबूत असते. तिच्यावरचा हिरवा दिवा लखलखत असतो. आणि पेटीपलीकडे दहा कोसांवर तंतू तुटलेला असतो. राउटर दिव्यावर विश्वास ठेवून संदेश पाठवीतच राहतो. ते संदेश जणू कोरड्या आडात पडतात: आवाज नाही, उत्तर नाही. तिसरा प्रकार ह्याहूनही फसवा आहे. जाण्याचा तंतू शाबूत व येण्याचा तुटलेला, अशी एकाच दिशेची तूट असते. चौथ्या प्रकारात दुवा धडधाकट असतो, पण पलीकडचे यंत्रच मूर्च्छित पडलेले असते. ह्या चारही प्रकारांना एकच उपाय लागू पडेल अशी युक्ती पाहिजे.

ती युक्ती समजण्यासाठी आपण गोवळकोंड्याच्या किल्ल्यावर जाऊ. प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली वाजविलेली टाळी वर बालाहिसारच्या माथ्यावर ऐकू येते, हे सहलीस गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने अनुभवले असेल. अशी कल्पना करा की, खालच्या पहारेकऱ्यास हुकूम दिला आहे, "शत्रू आला तर टाळी वाजव." वरचा रक्षक कान देऊन बसला आहे, आणि टाळी येत नाही. ह्या शांततेचा अर्थ त्याने काय घ्यावा? कदाचित् शत्रू आला नसेल. कदाचित् पहारेकरी झोपला असेल. कदाचित् शत्रूने त्यास केव्हाच ठार केले असेल. आता हुकूम उलटा करून पाहा: "सर्व क्षेम आहे तोपर्यंत दर घटकेस एक टाळी वाजवीत जा." अशा स्थितीत टाळी थांबली की काही तरी बिघडले हे निश्चित. पहारेकरी झोपला असो, मेला असो, वा ध्वनीची वाट बुजली असो, कारण कोणतेही असले तरी वरच्या रक्षकास सावध होण्यास तेवढी खूण पुरे. संकटाची बातमी पाठविण्याची जबाबदारी संकटग्रस्तावर टाकू नये, त्याच्याकडून क्षेमाची वार्ता नियमाने घेत जावे, हे ह्या विषयाचे मूलतत्त्व होय.

आगगाडीच्या रुळांवर हेच तत्त्व दीड शतक उपयोगात आहे. विल्यम रॉबिन्सन ह्या अमेरिकन संशोधकाने १८७२ साली रुळांतून सौम्य विद्युत्प्रवाह खेळता ठेवण्याच्या योजनेचे पेटंट घेतले. प्रवाह टोकापर्यंत पोहोचत असेल तोवरच तेथील रिले उचललेला राहतो आणि वाट मोकळी असल्याचा सिग्नल मिळतो. गाडी आली, रूळ भंगला, तार निसटली किंवा बॅटरी संपली, की प्रवाह पोहोचत नाही, रिले खाली पडतो व सिग्नल धोक्याचा होतो.

राउटरही एकमेकांस ठराविक कालाने क्षेमाचा लहानसा संदेश पाठवितात. त्यास हॅलो किंवा कीप-अलाइव्ह अशी नावे आहेत. किती वेळाने संदेश पाठवावा, आणि किती वेळ तो न आल्यास शेजारी गेला असे समजावे, ह्या दोन अंकांची नेमणूक अभियंता करतो. एका संस्थेच्या अंतर्गत जाळ्यात वापरल्या जाणाऱ्या ओएसपीएफ ह्या मार्गशोधनाच्या पद्धतीत सामान्यतः दर १० सेकंदांस हॅलो जातो व ४० सेकंदांच्या मौनानंतर शेजाऱ्याचे नाव काढून टाकले जाते. निरनिराळ्या संस्थांची जाळी जोडणाऱ्या बीजीपी ह्या पद्धतीत कित्येक राउटरांवर ६० व १८० सेकंद असे अंक मुळातच भरलेले असतात. अभियंत्याने ते बदलले नाहीत, तर दुवा तुटल्यावर तब्बल तीन मिनिटेपर्यंत राउटर आडात संदेश टाकीत बसेल.

तीन मिनिटे म्हणजे फार नव्हे असे कोणास वाटेल. थोडे गणित करू. एखादा दुवा सेकंदाला २० लाख बिट वाहून नेतो व तो पूर्ण भरलेला आहे असे धरू. १८० सेकंदांत ३६ कोटी बिट, म्हणजे ८ बिटांचा एक बाइट ह्या हिशेबाने साडेचार कोटी बाइट होतात. सरासरी संदेश ५०० बाइटांचा धरल्यास ९०,००० संदेश आडात गेले. पाठविणारे संगणक उत्तर न आल्यामुळे तेच संदेश पुन्हापुन्हा पाठवितात हे खरे. पण दुवा मेलेला असेतोवर तेही तेथेच जातात.

ही दिरंगाई टाळण्यासाठी बीएफडी, म्हणजे बायडायरेक्शनल फॉरवर्डिंग डिटेक्शन, नावाची एक स्वतंत्र पद्धत तयार करण्यात आली. डेव्ह कॅट्झ व डेव्ह वॉर्ड ह्या दोघांनी लिहिलेला तिचा प्रमाणग्रंथ २०१० च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला. ही पद्धत मार्ग शोधीत नाही, पत्ते वाचीत नाही. शेजारी जागा आहे की नाही एवढेच ती पाहते. तिचा संदेश अवघ्या २४ बाइटांचा असतो. काम इतके थोडे असल्यामुळे ते फार वेगाने करता येते. जेथे पूर्वी सेकंद मोजीत तेथे आता सेकंदाचे सहस्रांश, म्हणजे मिलिसेकंद, मोजले जातात.

ह्या पद्धतीत दोन्ही बाजू प्रथम आपापली कुवत एकमेकांस कळवितात. प्रत्येक बाजू तीन अंक सांगते: मी किती मिलिसेकंदांनी संदेश पाठवू इच्छिते, किती मिलिसेकंदांहून जलद आलेले संदेश मला झेपणार नाहीत, आणि माझे किती संदेश लागोपाठ चुकले म्हणजे मला मृत समजावे. पाठविणाऱ्याची इच्छा आणि घेणाऱ्याची कुवत ह्यांपैकी जो अंक मोठा तो त्या दिशेस लागू होतो. उदाहरण घेऊ. आमची काचीगुड्याची शाखा म्हणते, "मी १०० मिलिसेकंदांनी पाठवीन, २०० हून जलद घेऊ शकणार नाही, आणि माझे ३ संदेश चुकल्यास मला गेलेली समजा." मुंबईचे केंद्र म्हणते, "मी ५० नी पाठवीन, ३०० हून जलद घेणार नाही, आणि माझे ४ संदेश चुकू द्या." तर शाखेकडून केंद्राकडे दर ३०० मिलिसेकंदांस संदेश जाईल आणि ३ × ३०० म्हणजे ९०० मिलिसेकंदांच्या मौनानंतर केंद्र शाखेस मृत समजेल. उलट दिशेने दर २०० मिलिसेकंदांस संदेश येईल आणि ४ × २०० म्हणजे ८०० मिलिसेकंदांनंतर शाखा केंद्रास मृत समजेल. वरील हिशेबाने ९०० मिलिसेकंदांत त्या दुव्यावरचे केवळ ४५० संदेश वाया जातात. कोठे नव्वद हजार आणि कोठे साडेचारशे!

ह्या संवादात आणखी एक खुबी आहे. प्रत्येक संदेशात पाठविणारा स्वतःची स्थिती लिहितो. शाखेस केंद्राचे संदेश येईनासे झाले, की ती आपल्या संदेशात "माझ्या मते दुवा तुटला" असे कळवू लागते. म्हणून एकाच दिशेची तूट असली तरी दुसऱ्या बाजूस ती कळते व दोघेही ती वाट सोडतात. शिवाय प्रत्येक संदेश नेमक्या ठोक्यावर न पाठविता अंतर थोडेसे, जास्तीत जास्त एक-चतुर्थांशापर्यंत, कमीजास्त घटवून पाठवावा असा नियम आहे. शेकडो दुव्यांचे संदेश एकाच क्षणी येऊन आदळू नयेत, हा त्यातील हेतू.

मग अंक शक्य तितके लहानच का नेमू नयेत? येथेच अभियंत्याच्या विवेकाची कसोटी लागते. फार उशिरा निर्णय घेणे हानिकारक, तसेच फार घाईने घेणेही हानिकारक. मोठी फाइल चालली असता दुव्यावर क्षणभर गर्दी होते व दोन-तीन क्षेमसंदेश मागे राहतात. राउटरने तेवढ्यावरून शेजाऱ्यास मृत ठरविले, तर जिवंत दुवा टाकून सारा भार दुसऱ्या, बहुधा अरुंद, वाटेवर जाईल. तेथेही गर्दी होईल, तेथलेही संदेश मागे राहतील, आणि एका खोट्या मृत्युवार्तेतून खरे संकट उभे राहील. म्हणून क्षेमसंदेशांस रांगेत अग्रस्थान देण्याची व्यवस्था आधी करावी व मग अंक कमी करावे. मोठ्या दूरसंचार संस्थांची कित्येक वर्तुळाकार तंतुजाळी तुटीनंतर सुमारे ५० मिलिसेकंदांत स्वतःच वाट बदलून घेतात. अशा दुव्यावर राउटरने त्याहून अधिक वेळ धीर धरला, तर दुरुस्ती झाल्याचे त्यास कळणारही नाही. आणि तेच उत्तम.

अरुंद दुव्यावर खर्चही पाहावा लागतो. २४ बाइटांच्या संदेशास पत्त्याचे वेष्टन लागून तो ५२ बाइटांचा, म्हणजे ४१६ बिटांचा होतो. दर ५० मिलिसेकंदांस एक म्हणजे सेकंदास २० संदेश, अर्थात् ८,३२० बिट. सेकंदास २० लाख बिट नेणाऱ्या दुव्यास हा भार काहीच नाही; पण ६४,००० बिटांच्या जुन्या दुव्याचा जवळजवळ आठवा हिस्सा केवळ "मी जागा आहे" एवढे सांगण्यातच खर्च होईल.

उपग्रहाच्या दुव्याचा विचार निराळा. विषुववृत्तावर स्थिर भासणारा उपग्रह सुमारे ३५,८०० किलोमीटर उंच असतो. प्रकाशाच्या वेगाने वर जाऊन खाली येण्यास संकेतास जवळजवळ पाव सेकंद लागतो, आणि प्रश्न पाठवून उत्तर मिळविण्यास अर्धा सेकंद. हैदराबाद ते मुंबई काचतंतूतून एका दिशेस काही थोडे मिलिसेकंदच लागतात. आता गंमत पाहा. क्षेमसंदेशांचा ओघ जर एकतर्फी व अखंड असेल, तर अंतराने फरक पडत नाही. रोज निघणारे पत्र चार दिवसांनी पोहोचत असले तरी ते रोजच येते. परंतु प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहण्याची पद्धत असेल, तर वाट पाहण्याची मुदत अर्ध्या सेकंदाहून बरीच मोठी ठेवली पाहिजे. नाही तर उपग्रहाचा दुवा सुरू होताच मेला असे ठरेल. एकाच अंकाची नक्कल सर्व दुव्यांवर करणारा अभियंता येथे फसतो.

दुवा परत जिवंत झाल्यावरही घाई नको. ढिल्या सांध्यामुळे दुवा क्षणात तुटतो, क्षणात जुळतो. प्रत्येक वेळी राउटर वाट बदलू लागला, तर शाखेचे काम एकाही वाटेने सुरळीत चालणार नाही. म्हणून मृत ठरविण्यास अल्प काळ, पण पुन्हा विश्वास टाकण्यास दीर्घ काळ, असा नियम ठेवतात: दुवा काही मिनिटे अखंड नीट चालला तरच त्यास काम द्यावयाचे.

प्रत्यक्ष नेमणुकीचा क्रम आता ध्यानात येईल. प्रथम दुव्याची जात, रुंदी व येण्याजाण्याचा वेळ मोजावा. नंतर दोन्ही टोकांच्या राउटरांवर ही पद्धत सुरू करावी. एकाच टोकास सुरू केल्यास संवादच होत नाही. त्यानंतर तिचा निर्णय मार्गशोधनाच्या पद्धतीस जोडून द्यावा. ही पायरी विसरली, तर पहारेकरी ओरडत राहील व दरवाजा कोणी लावणार नाही. दुवा तुटल्याची नोंद होईल, पण कोष्टक बदलणार नाही. शेवटी गर्दी नसेल अशा वेळी, सर्वांस पूर्वसूचना देऊन, दुवा मुद्दाम तोडून पाहावा, आणि काम दुसऱ्या वाटेवर जाण्यास किती वेळ लागला तो घड्याळ लावून लिहून ठेवावा. केवळ आपल्या खोलीतील तार उपटून ही परीक्षा होत नाही, कारण तेथे दिवाच विझतो. दिवा हिरवा असतानाची तूट कंपनीच्या साह्याने पलीकडे घडवून आणून पाहिली पाहिजे.

एवढे करूनही दोन धोके उरतात. राउटर आपल्या लगतच्या शेजाऱ्याची खबर घेतो. पण शेजारी जिवंत आणि त्याच्यापुढची वाट मेलेली असू शकते. त्यासाठी केंद्रातील एखाद्या खात्रीच्या ठिकाणापर्यंत ठराविक कालाने प्रश्न पाठवून उत्तर येते की नाही ते पाहतात. हा प्रश्न ज्या दुव्याची परीक्षा घ्यावयाची त्याच दुव्यावरून जाईल असे बांधून द्यावे लागते. तसे न केल्यास पहिला दुवा मेल्यावर प्रश्न दुसऱ्या वाटेने जातो, उत्तर येते, "सर्व क्षेम" असे समजून राउटर पुन्हा मेलेल्या वाटेकडे वळतो, पुन्हा उत्तर थांबते, आणि हा खेळ रात्रभर चालतो.

दुसरा धोका यंत्राच्या आटोक्याबाहेरचा आहे. दोन कंपन्यांकडून दोन दुवे घेतले, दोन्हींचे पैसे भरले, आणि दोघांचे तंतू रस्त्याच्या कडेच्या एकाच चरातून गेलेले निघाले, तर कुदळीचा एकच घाव दोघांचा निकाल लावील. १९०८ च्या पुरात तीन पूल एकाच नदीवर, एकाच लोंढ्याच्या तोंडी होते. दुसरी वाट घेताना ती खरोखर दुसरी आहे काय, जमिनीखालून कोठून जाते, तिची वीज कोठून येते, हे नकाशा मागून पाहणे अगत्याचे आहे. पहारेकरी कितीही तत्पर असला तरी वळावयास दुसरी वाटच नसेल तर त्याच्या जागे राहण्याचा उपयोग काय?

विद्यार्थीमित्रांना ह्या सर्वाचा प्रयोग शाळेच्या मैदानावर करून पाहता येईल. एका गड्याने मैदानाच्या एका टोकास उभे राहून दर पाच सेकंदांस टाळी वाजवावी. दुसऱ्याने पलीकडे, त्याच्याकडे पाठ करून, कागद-पेन्सिल घेऊन बसावे. मध्ये इतर मुलांचा खेळ नेहमीप्रमाणे चालू द्यावा. पहिल्या गड्याने आपल्या मर्जीने केव्हा तरी टाळ्या थांबवाव्या व ती वेळ लिहून ठेवावी. ऐकणाऱ्याने प्रथम एक टाळी चुकताच "तुटला" असे लिहावे. दुसऱ्या खेपेस लागोपाठ तीन चुकल्यावर. तिसऱ्या खेपेस दहा चुकल्यावर. प्रत्येक पद्धतीने दहा-दहा वेळा प्रयोग करून खोट्या वार्ता किती झाल्या आणि खरी वार्ता कळण्यास किती उशीर झाला, ह्यांचे कोष्टक मांडावे. गलका अधिक असेल त्या दिवशी कोणता अंक बरा, व शांत दिवशी कोणता, हे ज्याचे त्यालाच कळून येईल. बँकेच्या राउटरापुढे बसलेला अभियंता ह्याहून निराळे काही करीत नाही. त्याच्या टाळ्या तेवढ्या फार जलद असतात, आणि त्यांवर रात्री-अपरात्री कोणाच्या तरी निकडीच्या पैशांची वाट अवलंबून असते.